पडद्यावरचा इतिहास आणि भरतातली मिरची

थंडी पडली की आपल्या खान्देशात भरताचे बेत सुरू होतात. बामणोदची वांगी आणायची, पऱ्हाटीच्या जाळावर भाजायची, हिरव्या मिरच्या आणि लसूण घालून ठेचायची, वर शेंगदाणे आणि कांद्याची पात, सोबत कळण्याची पुरी. हे जेवण इतकं आपलं आहे की त्यात काही परकं असेल, अशी शंकासुद्धा कुणाला येत नाही. पण समजा, शिवाजी महाराजांच्या जन्माच्या दीडशे वर्षं आधी, म्हणजे १४८० च्या सुमाराला भुसावळच्या परिसरात कुणी भरीत केलं असतं, तर त्यात ना मिरची असती, ना शेंगदाणे. वांगं आपल्याकडचं, लसूणही जुना. पण मिरची आणि भुईमूग तेव्हा फक्त अमेरिका खंडात पिकत होते आणि तो खंड आहे, हेच आपल्याकडे कुणाला ठाऊक नव्हतं.

आज मला बोलायचं आहे ते लहान मुलांना इतिहास शिकवण्याबद्दल. त्यातही दूरदेशीचा, म्हणजे अमेरिकेचा सुरुवातीचा इतिहास, आणि तोही फोनच्या किंवा संगणकाच्या पडद्यावरून. भुसावळच्या श्रोत्यांना याचं काय, असं कुणी म्हणेल. पण रेल्वेच्या या गावातून शिकून बाहेर पडलेली कितीतरी मुलं पुण्या-मुंबईमार्गे अमेरिकेत पोचली. त्यांची मुलं तिथल्या शाळेत जातात. रविवारी इथे संध्याकाळ आणि तिथे सकाळ असताना आजी-आजोबा आणि नातवंडं पडद्यावर समोरासमोर बसतात. जेवलास का, थंडी आहे का, अभ्यास काय चाललाय, इथपर्यंत बोलणं येतं आणि थांबतं. नातू म्हणतो, ‘आजी, आम्हाला कॉलनीज शिकवतायत.’ आजीला वाटतं, आपल्याला यातलं काय कळणार? खरं म्हणजे आजीला बरंच सांगता येण्यासारखं आहे.

दोन्हीकडची दहा वर्षांची मुलं

आपल्याकडे चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास असतो. कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत चौथीत आपल्या राज्याचा आणि पाचवीत देशाच्या सुरुवातीचा इतिहास शिकवतात: मूळ रहिवासी, युरोपातून आलेली गलबतं, तेरा वसाहती आणि स्वातंत्र्ययुद्ध. म्हणजे नऊ-दहा वर्षांच्या वयात दोन्हीकडची मुलं एकच प्रश्न विचारत असतात, की आपला देश कसा उभा राहिला?

या वयाच्या मुलाची एक अडचण असते. त्याला ‘चारशे वर्षांपूर्वी’ म्हणजे काय, ते कळत नाही. आजोबांचं लहानपण आणि शिवाजी महाराज त्याच्या डोक्यात शेजारी-शेजारी राहतात. वर्गात शिक्षक हे हातवारे करून, फळ्यावर रेघ ओढून, मुलांना ओळीत उभं करून सांगू शकतात. पडद्यावर ते साधत नाही. पडद्यावर सगळंच सपाट होतं. डायनासोर, अफझलखान आणि कालची क्रिकेट मॅच, सगळं एकाच चौकटीत, एकाच आकाराचं.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि प्राथमिकचे वर्ग पुढे जवळजवळ दोन वर्षं नीट भरलेच नाहीत. त्या काळात आपण सगळ्यांनीच हे अनुभवलं. शिक्षक पडद्यावर धडा वाचत होते आणि मुलं आवाज बंद करून दुसरंच काही करत होती. तरी त्याच काळात काही चांगली कामंही झाली. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. पहिली ते आठवीच्या मुलांनी घरातल्या वस्तू घेऊन, घरातल्या माणसांशी बोलून काहीतरी करून पाहावं, असा तिचा बेत होता. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापण्याची कल्पना आधी त्यांनी आपल्या शाळेत राबवली होती. दुसऱ्या देशांतल्या वर्गांना ते पडद्यावरून सहलीही घडवत. या दोन्ही उदाहरणांत पडदा हे निमित्त होतं. मुलाचे हात आणि डोकं पडद्याबाहेर कामात होतं. इतिहासालाही हेच लागू आहे.

वीतभर दोरीची शंभर वर्षं

मी सुचवीन ती पहिली युक्ती दोरीची. एक वीत म्हणजे शंभर वर्षं, असं धरायचं. इकडे आजीनं एक सुतळी घ्यावी, तिकडे नातवानं एक घ्यावी आणि दोघांनी बोलत-बोलत गाठी मारायच्या. टोकाला ‘आज’. पाऊण वीत मागे गेलं की आजीचा जन्म. अडीच वितींवर अमेरिकेचं स्वातंत्र्य, ४ जुलै १७७६. चार वितींच्या जरा आत शिवाजी महाराजांचा जन्म. पाच वितींच्या थोडं पुढे कोलंबस, १४९२.

आता विचारायचं, ‘अमेरिकेत पहिली माणसं कधी आली असतील?’ मूल म्हणेल, कोलंबस आला तेव्हा. मग सांगायचं, सुतळी आण अजून. कारण आशियातून उत्तरेकडच्या वाटेनं माणसं तिथे पोचली ती किमान पंधरा हजार वर्षांपूर्वी. म्हणजे दीडशे विती. एवढी सुतळी घरात मावत नाही. शंभर-सव्वाशे फूट लागते. मूल ती घेऊन अंगणात किंवा इमारतीच्या जिन्यात जातं आणि कोलंबस त्या लांबलचक सुतळीच्या एका टोकाशी, अगदी आपल्याजवळ राहतो. ‘कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला’ या वाक्यात काय चुकतं, ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्याच्या हातातच ते आलेलं असतं.

कोलंबस निघाला होता हिंदुस्थानच्या दिशेनं. पोचला बहामा बेटांवर. आपण इंडीजला आलो, या समजुतीनं त्यानं तिथल्या लोकांना ‘इंडियन’ म्हटलं. आपल्या जुन्या पुस्तकांत ‘रेड इंडियन’ हा शब्द असे. आता तो वापरू नये. मूळ रहिवासी म्हणावं आणि जमेल तिथे जमातीचं नाव घ्यावं. खऱ्या हिंदुस्थानच्या किनाऱ्याला, कालिकतला, वास्को द गामा लागला तो सहा वर्षांनी, १४९८ मध्ये. पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात बसले आणि त्यांच्या गलबतांतून अमेरिकेची मिरची आपल्याकडे आली. त्याआधी आपला तिखटपणा मिऱ्याचा आणि आल्याचा होता. मिऱ्यासारखी तिखट म्हणून ती मिरची झाली.

स्वयंपाकघरातला खंड

आता दुसरी युक्ती. पडद्यासमोर दोन्हीकडे एक-एक ताट मांडायचं. मिरची, शेंगदाणा, मका, बटाटा, टोमॅटो, लाल भोपळा म्हणजे आपलं गंगाफळ, पेरू, पपई, सीताफळ. या सगळ्यांचं मूळ गाव अमेरिका खंड. केळी मात्र त्या ताटात ठेवायची नाहीत. जळगाव जिल्हा केळीचा. पण केळं आशियातलं, ते इकडून तिकडे गेलं. कळण्यातली ज्वारी आफ्रिकेतली. मुलांना ही वाटणी करायला फार आवडते, कारण त्यात चुकायला जागा आहे आणि चुकल्यावर हसायलाही.

या ताटातून पुढचा प्रश्न निघतो: ही पिकं कुणी तयार केली? मका रानात सापडत नाही. मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांनी एका गवताच्या बारीक कणसातून सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी मक्याची सुरुवात केली आणि पिढ्यान्‌पिढ्या बी निवडत तो मोठा केला. उत्तर अमेरिकेतल्या अनेक जमाती मका, घेवडा आणि भोपळा एकाच जागी पेरत. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढे, घेवडा जमिनीला कस देई आणि भोपळ्याची रुंद पानं ओल धरून ठेवत, तण दाबत. त्यांना त्या ‘तीन बहिणी’ म्हणत. आपला शेतकरी कपाशीत उडीद, मूग, तूर घेतो, तेच हे आंतरपीक. ज्या आजीनं शेत पाहिलंय, तिला हे नातवाच्या पुस्तकापेक्षा चांगलं समजावता येईल. आणि नातवाला कळेल, की ज्यांना चित्रांत फक्त पिसांचा मुकुट घालून घोड्यावर बसवलेलं असतं, ते लोक मुळात हुशार शेतकरी होते. घोडे तर त्यांच्याकडे आले ते युरोपीयांबरोबर.

इकडे तेव्हा काय चाललं होतं?

आता तिसरी युक्ती, जोडीच्या सनावळ्यांची. एका बाजूला तिकडची घटना, दुसऱ्या बाजूला त्याच वर्षाची आपली. सन पाठ करायला मुलं कंटाळतात. पण दोन ओळखीच्या गोष्टी एकाच वर्षी घडल्या, हे कळलं की ते विसरत नाहीत.

१६०७ मध्ये इंग्रजांची पहिली टिकलेली वसाहत व्हर्जिनियात, जेम्सटाऊनला बसली. ती बसवणाऱ्या कंपनीसारखीच एक कंपनी लंडनमध्ये सात वर्षं आधी, १६०० च्या शेवटच्या दिवशी निघाली होती. ती आपली ईस्ट इंडिया कंपनी. १६३० मध्ये शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला, त्याच वर्षी बोस्टन शहर वसलं. १६६४ च्या जानेवारीत महाराजांनी सुरतेवर छापा घातला. त्याच वर्षी इंग्रजांनी डचांकडून न्यू ॲमस्टरडॅम घेतलं आणि त्याचं न्यूयॉर्क केलं. न्यू जर्सीत वाढणाऱ्या मराठी मुलाला ही जोडी सांगून पाहा. दोन घरं असलेल्या त्या मुलाला आपली दोन्ही घरं एकाच नकाशावर दिसतात.

सगळ्यांत रंगतदार जोडी स्वातंत्र्ययुद्धाची. १६ डिसेंबर १७७३ ला बोस्टनच्या बंदरात लोकांनी चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या. त्या पेट्या ईस्ट इंडिया कंपनीच्या होत्या. त्यातला चहा हिंदुस्थानातला होता, असं काही जण ठोकून देतात. तसं नव्हतं, तो चीनचा होता. आसामचा चहा बाजारात यायला अजून सहा-सात दशकं होती. त्याच १७७३ मध्ये पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पुढे राघोबादादा इंग्रजांना जाऊन मिळाले आणि १७७५ मध्ये इंग्रज-मराठे यांचं पहिलं युद्ध पेटलं. तिकडे अमेरिकेचं युद्धही १७७५ चंच. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना मराठ्यांपुढे नमतं घ्यावं लागलं. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाऊनला सेनापती कॉर्नवॉलिस अमेरिकनांना शरण आला. १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला, १७८३ मध्ये पॅरिसचा.

आणि हा हरलेला कॉर्नवॉलिस पुढे कुठे गेला? १७८६ मध्ये तो गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. १८०५ मध्ये पुन्हा आला आणि गाझीपूरला वारला. त्याची कबर तिथेच आहे. अमेरिकेतल्या मुलाच्या पुस्तकात तो यॉर्कटाऊनला दिसेनासा होतो. आपल्याकडच्या पुस्तकात तो एकदम कलकत्त्याला उगवतो. मधला दुवा आजीनं जोडून द्यायचा.

अवघड गोष्टी कशा सांगाव्यात?

इतिहासात गोड गोष्टी थोड्या. १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ गलबतातून आलेल्या लोकांना वाम्पानोआग जमातीनं मदत केली, मका पेरायला शिकवला, हे तिथल्या शाळांत आवडीनं सांगतात. शिकवणारा टिस्क्वांटम ज्या गावचा, ते गाव काही वर्षं आधीच साथीनं ओस पडलं होतं आणि नव्या लोकांनी आपली वस्ती नेमकी तिथे केली. ही रोगराई युरोपातून आलेल्या माणसांबरोबर आली होती. १६१९ मध्ये व्हर्जिनियात आफ्रिकेतून पकडून आणलेली पहिली माणसं उतरवली गेली. पुढे सगळ्या वसाहतींत गुलामगिरी आली. १७७६ च्या जाहीरनाम्यात सगळी माणसं समान आहेत असं लिहिणारे थॉमस जेफरसन स्वतः शेकडो गुलामांचे मालक होते.

हे दहा वर्षांच्या मुलाला सांगावं का? सांगावं. तपशिलात क्रूरता नको. पण गोष्ट लपवूही नये. मूल न्याय-अन्यायाच्या बाबतीत मोठ्यांपेक्षा कडक असतं. त्याला एकच प्रश्न हातात द्यावा: ‘ही गोष्ट कोण सांगतंय आणि कुणाला बोलायला मिळालं नाही?’ सातपुड्याच्या पायथ्याला राहणाऱ्या आपल्याला हा प्रश्न परका नाही. खान्देशातल्या भिल्लांचा एकोणिसाव्या शतकाचा इतिहास बराचसा इंग्रज अधिकाऱ्यांच्या कागदांतून आलेला आहे. त्या कागदांत जो ‘बंडखोर’, तो त्याच्या घरच्यांच्या लेखी कोण होता, हा प्रश्न जळगावच्या मुलानंही विचारावा.

आपल्या महाराष्ट्रात हा धागा फार पूर्वी एका माणसाला दिसला होता. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ते अर्पण केलं. फुले अमेरिकेला कधी गेले नव्हते. दूरचा इतिहास त्यांनी आपल्या गावच्या प्रश्नासाठी वाचला.

खान्देशचा तर या गोष्टीशी पैशाचाही संबंध आला. अमेरिकेच्या दक्षिणेतला कापूस गुलामांच्या श्रमावर पिकत होता आणि इंग्लंडच्या गिरण्यांत जात होता. १८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं, कापूस थांबला आणि इंग्लंड हिंदुस्थानच्या कापसामागे लागलं. भाव कडाडले. जळगाव कापसाची मोठी पेठ झाली ती त्याच वर्षांत. १८६५ मध्ये युद्ध संपलं, गुलामगिरी कायद्यानं गेली आणि इकडे भाव कोसळले. १८६७ मध्ये भुसावळहून नागपूरपर्यंत रेल्वे धावू लागली, ती याच कपाशीच्या मुलखातून. आणि आज आपल्या शेतात जी बीटी कपाशी उभी असते, तिची जात मूळची मेक्सिकोकडचीच.

पडदा कसा वापरावा?

आता थोडं कामाचं. एका बैठकीला वीस मिनिटं पुरे. एका वेळी एकच वस्तू किंवा एकच चित्र. चित्र आदल्या दिवशी पाठवून ठेवावं आणि मुलाला सांगावं, ‘यात तुला दिसलेल्या पाच गोष्टी मला सांग.’ काय दिसतं ते आधी आणि अर्थ नंतर. जेफरसनच्या हातचा, खाडाखोड केलेला जाहीरनाम्याचा कच्चा मसुदा अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं इंटरनेटवर ठेवला आहे. स्मिथसोनियन संग्रहालयांनी २०२० मध्ये लाखो चित्रं सर्वांना खुली केली. एवढा मोठा माणूससुद्धा लिहिताना खोडतो, हे पाहून शुद्धलेखनाला घाबरणाऱ्या मुलाला किती बरं वाटेल!

यूट्यूबवरची चित्रफीत दाखवावी. पण मध्येच थांबवून विचारावं, ‘हे त्यांना कसं कळलं असेल?’ कारण तिथे खरं-खोटं शेजारी बसलेलं असतं. कोलंबसाच्या काळी लोकांना पृथ्वी सपाट वाटत होती, ही त्यातलीच एक लोणकढी. शिकलेल्या माणसांना ती गोल असल्याचं ठाऊक होतं. वाद होता तो किती मोठी, याचा.

हे सगळं बोलताना आपल्या आजूबाजूची मुलंही विसरू नयेत. ‘असर’च्या २०२१ च्या पाहणीत असं दिसलं, की घरात स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकीही सुमारे चौथ्या हिश्श्याला तो वापरायला मिळत नव्हता. फोन वडिलांबरोबर कामावर जातो, दोन भावंडांत एकच असतो, रिचार्ज संपतो. म्हणून शिक्षकांनी धडा असा आखावा, की फोन दहा मिनिटंच मिळाला तरी चालेल. एक छोटा आवाजी निरोप, एक चित्र आणि बाकीचं काम सुतळी, ताट आणि घरच्या माणसांवर. ज्याला तेवढंही मिळत नाही, त्याच्यासाठी शेजारच्या मुलाला ‘गुरुजी’ करावं. सांगणाऱ्या मुलाचंही पक्कं होतं.

अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा भरतात. तिथली मुलं मराठी शिकतात. पण मराठीत बोलायला विषय हवा. इथल्या मुलांना जग पाहायला खिडकी हवी. भुसावळच्या एखाद्या शाळेची चौथी आणि तिकडची एखादी मराठी शाळा महिन्यातून एकदा पडद्यावर भेटली, तर काय होईल? इथल्यांनी शिवनेरी सांगावा, तिथल्यांनी बोस्टन. दोघांनी १६३० ची गाठ आपापल्या सुतळीवर मारावी. पुस्तकं दोन असतील, प्रश्न एकच असेल. ज्यांच्या घरात नातवंडं तिकडे आहेत, त्यांनी येत्या रविवारी एवढंच करावं: ‘जेवलास का’ विचारून झाल्यावर फोन ठेवू नये. ‘तुमच्याकडे आधी कोण राहत होतं रे?’ असं विचारावं आणि नातवाला सांगू द्यावं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)